एकवीस नंबरची टोपी

आमच्या कापड दुकानाच्या गादीवर माझी जागा आता कोपऱ्यात आहे. मधली जागा मुलाची, रिषभची. तो कॉम्प्युटर बघतो, मी रस्ता बघतो. संध्याकाळी तो सांगू शकतो की आज काय विकलं. मला एवढंच सांगता येतं की कोण कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलं.

तीस वर्षं मी जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात 'लोखंडी गज' नावाचं सदर लिहिलं. कापड मोजायचा गज घेऊन पुढाऱ्यांची मापं काढायची, अशी कल्पना. एकदा एका पुढाऱ्यावर माझ्या मते फार जहरी लेख लिहिला. त्याने तो लॅमिनेट करून आपल्या कार्यालयात लावला. सोबतचा फोटो चांगला आला होता म्हणे. त्या दिवसापासून मी निवृत्त आहे. घरी मारवाडी, दुकानात अहिराणी आणि कागदावर मराठी, अशा तीन भाषांत मी आयुष्यभर बोलत आलो, आणि तिन्ही भाषांत लोकांनी मला "बरं शेठ, निंघस मी" असंच उत्तर दिलं.

तर या वर्षी गावात एकच प्रश्न होता. जिभाऊनंतर कोण?

जिभाऊ म्हणजे उमाकांत जिभाऊ. बाजार समितीचे सभापती. आमदार ते नाहीत, कधी नव्हते. पण ज्याला आमदार व्हायचं असतं त्याला आधी जिभाऊंच्या ओट्यावर चहा प्यावा लागतो, आणि चहात साखर किती पडली त्यावरून तो आपलं भविष्य ओळखतो. डिसेंबरात त्यांना पंचाहत्तरावं लागणार होतं. पावसाळ्यापासून ते वरचेवर सुरतला लेकीकडे जाऊ लागले होते, आणि दर खेपेला जरा बारीक होऊन येत होते. सुरतचं जेवून माणूस बारीक कसा होतो, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी पुढचाच प्रश्न विचारला.

उत्तरं दोन होती. एक जगदीश, जिभाऊंचा सख्खा पुतण्या. त्याचं म्हणणं असं की रक्त ते रक्त. दुसरा भरत, सातपुड्याच्या पायथ्याचा, समितीचा उपसभापती, जिभाऊंसोबत वीस वर्षं गाडीत बसलेला. त्याचं म्हणणं असं की रक्त ठीक आहे, पण घाम पण बघा. दोघेही जिभाऊंसमोर म्हणत, "आपलेच शंभर वर्षं ऱ्हावानं शे," आणि बाहेर पडून आपापल्या माणसांना फोन करत.

आता या भानगडीत माझ्यासारख्याचं काय काम? काम होतं. आमच्याकडे कुणाचाही सत्कार टॉवेल-टोपी आणि नारळाशिवाय होत नाही. टॉवेल कुणालाही चालतो. टोपीला मात्र नंबर असतो. डोक्याभोवती फीत फिरवायची, जितके इंच तितका नंबर. गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याच्या डोक्याचा नंबर मला पाठ आहे. त्या डोक्यात काय आहे ते मला कधी कळलं नाही, पण बाहेरून मी तज्ज्ञ आहे.

जिभाऊंचा नंबर तेवीस. दर दिवाळीला भरत येतो आणि तेवीसच्या डझनभर पांढऱ्या टोप्या घेऊन जातो.

या वेळी दिवाळी होऊन गेल्यावर, एका दुपारी, रिषभ जेवायला गेलेला असताना, जिभाऊ स्वतः आले. एकटे. टोपीखाली कानांवरून मफलर. गादीवर टेकले, दम खाल्ला.

"हस्तीमल, टोप्या काढ."

"तेवीसन्या?"

"एकवीसन्या. डझनभर."

मी हातातला खोका तसाच धरला. "एकवीस? कोनाकरता, जिभाऊ?"

"डोकाकरता," जिभाऊ म्हणाले. "टोपी आखो कसाकरता ऱ्हास?"

मी दुकानाच्या नावाची पिशवी काढली.

"पिशवी नको. कागदम्हा बांध."

कागदात बांधून घेऊन ते गेले. मी बसलो तो बसलोच. आता आमच्या समाजाची एक रीत सांगायला हवी, म्हणजे माझी चूक तुम्हाला माझ्याइतकी मूर्खपणाची वाटणार नाही. आमच्यात बाप गेला की बाराव्याला मोठ्या मुलाच्या डोक्यावर पगडी बांधतात. पगडी चढली की तो घराचा धनी. लहानपणापासून हे पाहिल्यामुळे, कुणी कुणासाठी डोक्यावरचं काही विकत घेतलं की आम्हाला त्याच्या खाली वारस दिसतो. मी मनात म्हटलं, जिभाऊ वाढदिवसाला व्यासपीठावर कुणालातरी टोपी घालणार. आणि ते डोकं एकवीस नंबरचं आहे.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. फक्त चुनीलालला सांगितली.

चुनीलालचं सलून आमच्या समोर. गावातली निम्मी डोकी त्याच्या हाताखालून जातात, आणि कात्री चालू असताना तोंड बंद ठेवणं त्याच्या धंद्यात बसत नाही. तो म्हणाला, "एकवीस? एवढं डोकं ते पोऱ्यास्नं ऱ्हास, शेठ." मग म्हणाला, "जिभाऊ बी मन्हाकडे पावसायापासून येल नहीत. सुरतलेच कटिंग करतस वाटस." मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. चांगल्या निरीक्षकाचं हेच लक्षण आहे. नको ते त्याला सगळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढायच्या आधी जगदीश दुकानाच्या पायरीवर हजर होता.

"शेठ, जरा टोप्या दखाडा."

"किती नंबर?"

"एकवीस बठस का देखू."

बसली नाही. डोक्याच्या वर उभी राहिली, कोंबडीसारखी. त्याने ती दोन्ही हातांनी खाली ओढली. "आमना खानदानमा डोकं बारीकच शे," तो म्हणाला. मी फीत फिरवली. साडेबावीस.

"केसंच जास्ती शेत," जगदीश म्हणाला. "थांबा, मी चुनीलालकडे जाईसन येस."

अर्ध्या तासाने तो गुळगुळीत होऊन आला. बावीस. त्याहून पुढे चुनीलालच्या हातात काही नव्हतं. त्याच्या पाठोपाठ त्याचे दोन समर्थक, ज्यांचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता, तेही चकोट करून आले. निष्ठा म्हणून.

भरत दुपारी आला. त्याने टोपी मागितलीच नाही. त्याचा नंबर चोवीस, ते त्यालाही माहीत होतं. म्हणाला, "शेठ, मन्हं डोकं मोठं शे हाऊ काय मन्हा गुन्हा शे का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मंग जिभाऊनी असं का बरं करं?" आणि बराच वेळ टॉवेलच्या गठ्ठ्याकडे बघत बसला.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारे आधी त्याचे दात बघतात. आमच्या गावात त्या आठवड्यात लोक एकमेकांना राम राम करताना डोक्याकडे बघत होते. समितीच्या संचालक सिंधुबाई ब्लाउजपीस घ्यायला आल्या, तेव्हा मी त्यांना सहज म्हटलं, आपण का नाही उभ्या राहत? त्या म्हणाल्या, "बायास्ले टोपी नही, म्हनीसन नंबर बी नही." आणि रंग उजळ आहे का ते बघायला कापड घेऊन उन्हात गेल्या. एवढं चांगलं वाक्य तीस वर्षांत माझ्या सदरात आलं नव्हतं, याची नोंद मी मनातल्या मनात करून घेतली आणि वाईट वाटून घेतलं.

राहिला प्रश्न, एकवीस कोण? मी अख्खं गाव डोळ्यांसमोरून फिरवलं. संचालक, सरपंच, दोन डॉक्टर, पतसंस्थेचा मॅनेजर, म्हसावदचा एक बागायतदार जो दर निवडणुकीला अर्ज भरून मागे घेतो. कुणीच नाही.

एका सकाळी मी देवळात जायला म्हणून आरशासमोर उभा राहिलो, आणि सवयीने गळ्यातली फीत काढून स्वतःच्या डोक्याभोवती फिरवली.

एकवीस.

मी पुन्हा फिरवली. मग चष्मा लावून फिरवली.

वाचकहो, हसू नका. किंवा हसा, पण क्रमाने हसा, कारण पुढे आणखी आहे. एकदा आकडा दिसला की बाकीचं सगळं आपोआप जुळत गेलं. मी कुठल्या गटाचा नाही. व्यापाऱ्यांची मतं माझी, शेतकऱ्यांना उधार कापड देणारा बापजाद्यांपासून मीच. मी निरुपद्रवी आहे, आणि भांडणाऱ्या दोघांमध्ये निरुपद्रवी माणसाला बसवायचं, हे राजकारण तर मीच सदरात तीनदा उघडं पाडलं होतं. शिवाय जिभाऊ टोप्या घ्यायला माझ्याच दुकानात आले. भरतला पाठवलं नाही. "डोकाकरता" म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. दुसरं कुणी तिथे नव्हतंच, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मी बदललो. तीजाबाईने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, दोनच दिवसांत ओळखलं. मी जेवताना "भाजी चांगली आहे" न म्हणता "भाजीबाबत समाधानी आहे" म्हणालो होतो. शिंप्याकडून पांढरी बंडी शिवून आणली. दुकानात कुणी काही विचारलं की "बघू" म्हणू लागलो. विनोदावर हसणं बंद केलं. सभापतीला ते शोभत नाही.

"थांरो माथो खराब हुयग्यो कांई?" तीजाबाईने विचारलं.

"माथा खराब नाही," मी म्हणालो. "माथा एकवीस आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवर पडलेली फीत उचलली, गुंडाळली आणि शिलाई मशीनच्या खणात ठेवून खण लावून घेतला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या हातातून पेनसुद्धा कधी काढून घेतलं नव्हतं.

वाढदिवसाला चार दिवस राहिले असताना सिंधुबाई पुन्हा आल्या. या वेळी कापड बघितलं नाही.

"शेठ, तुमले माहीत शे का काय व्हई ऱ्हायनं ते? जगदीश आनि भरत काल एक ताटम्हा जेवनात."

"चांगलं आहे की."

"काय चांगलं? दोन्हीस्नं ठरनं. बारीक डोकाना कोनी तरी बाहेरना मानूस जिभाऊ बठाडी ऱ्हायनात, म्हनीसन वाढदिवसना दुसरा दिवशी अविश्वास ठराव लई येतीन. जिभाऊस्ले खुर्चीवरथीन उतारतीन." त्यांनी माझ्या बंडीकडे पाहिलं. "आनि हाई समदं तुमनी टोपीमुये."

त्या गेल्या. रिषभ कॉम्प्युटरमागून म्हणाला, "बापूजी, तुम्ही चुनीलालकाकांना सांगितलं होतं का?" मी म्हणालो, बघू.

त्याच संध्याकाळी जिभाऊंचं बोलावणं आलं. मी नवी बंडी घालून गेलो, हे सांगायला मला आनंद होत नाही.

ओट्यावर माणसं होती. जिभाऊंनी मला आत घेतलं आणि दार लावलं. मी बंडीचं वरचं बटण लावून घेतलं. ते पलंगावर बसले, माझ्याकडे बघितलं, मफलर सोडला आणि डोक्यावरची टोपी काढली.

जिभाऊंचे केस ही आमच्या गावाची मालमत्ता होती. फुटलेल्या कपाशीच्या बोंडासारखे पांढरे, दाट. तिथे आता काही नव्हतं. एक लहानसं, उघडं, निळसर शिरांचं डोकं होतं. तीस वर्षं मी त्यांच्या डोक्यात काय चाललंय यावर लिहीत होतो. डोकं पहिल्यांदा पाहिलं.

"सुरतले पोर ऱ्हास, हाई खरं शे," जिभाऊ म्हणाले. "पन मी दवाखानाम्हा ऱ्हास. औषध जबरी शे. केस गयात, अंग गयं. जुनी टोपी कानवर येस. म्हनीसन एकवीसनी लिधी, का कोनले समजाले नको."

मी बंडीचं वरचं बटण पुन्हा काढलं.

"डॉक्टर म्हनस, बरा व्हशी. उन्हायापर्यंत केस बी येतीन." त्यांनी टोपी मांडीवर ठेवून तिची घडी सारखी केली. "जिभाऊ मरी जाई असं कोनी म्हनं ते मले चालस. समदाच मरतस. पन मी जित्ता शे तवलोंग मन्हं तेरावं नका जेवा. ठराव वना ते मले सभाम्हा उभं ऱ्हाईसन बोलनं पडी. आनि आज मन्हामा उभं ऱ्हावानी ताकद नही, हस्तीमल. बठनू ते समदास्ले समजी जाई. मंग ठरावनी बी गरज नही."

बाहेर मिरचीची गाडी उतरत असावी. ओट्यावरचे सगळे एकदम खोकले. जिभाऊही खोकले. मिरचीच्या दिवसांत अख्खं गाव खोकतं, त्यात एका माणसाचा खोकला वेगळा कोण ऐकणार?

"काय करानं सांग," ते म्हणाले. "तू लिखनारा शे."

लिहिणाऱ्याला काही सुचलं नाही. पण बंडी घातलेल्याला सुचलं.

"जिभाऊ," मी म्हणालो, "टोप्या मन्हाकरता होत्यात, असं सांगस मी. मीच हट्ट करा, असं सांगस."

"कोन मानी? डोकं जुळाले नको का?"

"जुळस."

"तुन्हा नंबर कितला?"

"एकवीस."

जिभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली माझ्या बंडीवर आली. मग पुन्हा वर.

"हस्तीमल," ते हळूच म्हणाले, "तुले असं ते नही ना वाटनं, का मी तुलेच..."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. जैन माणसाने खोटं बोलू नये. मी बोललो नाही. काहीच बोललो नाही.

जिभाऊ हसायला लागले. आधी आवाज न करता, नुसते खांदे. मग खोकत, मग खोकला थांबवून पुन्हा. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी तीच टोपी वापरली. आतल्या खोलीतून फुलवंताबाई, त्यांच्या मंडळी, धावत आल्या. त्या घरात दिवाळीपासून कुणी हसलं नव्हतं, त्यामुळे त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं.

"काय व्हयनं?"

"काही नही. चहा ठेव," जिभाऊ म्हणाले. "आपला नवा सभापती येल शे."

वाढदिवस मार्केट यार्डात होता. एका बाजूला मांडव, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेली मिरची, आणि वारा मांडवाच्या दिशेने. मी डोक्यावर एकवीस नंबरची पांढरी टोपी घालून, बंडीत, हात जोडत, बाजारपेठेतून चालत गेलो. चुनीलाल अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. दोन्ही बाजूंनी माणसं थांबत गेली. मांडवात मला माईक देण्यात आला, कारण जुना लेखक म्हणून मला दरवर्षी चार शब्द बोलायला देतात आणि लोक तेवढ्यात पाणी पिऊन येतात. या वेळी कुणी उठलं नाही.

"एकवीसन्या टोप्यास्ना गावम्हा गैरसमज व्हयना," मी म्हणालो. "टोप्या मन्हाच डोकान्या शेत. मीच जिभाऊस्ना मांगे लागनू, का मले सभापती करा. मन्हाच दुकानम्हाईन, मन्हाच मापन्या टोप्या ल्या, आनि तुमना हातथीन मन्हा डोकावर ठेवा."

मग मांडवाच्या मागच्या बाजूने कुणीतरी एक शिंक आणि हसू एकत्र काढलं, आणि सगळं यार्ड सुटलं. स्वतःच्या दुकानातली, स्वतःच्या मापाची, दुसऱ्याच्या हाताने. जगदीशला हसू आवरेना, तोल जाऊ नये म्हणून त्याने भरतचा खांदा धरला, आणि भरतने त्याच्या चकोट डोक्यावर थाप मारून म्हटलं, "तू फुकट केस काढात रे, शेठकरता." मागून एक जण ओरडला, "शेठ, उधार सभापतीपद देतस का?" त्यावर पुन्हा सगळे. माझ्या तीस वर्षांच्या लेखनाला मिळून एवढा हशा कधी मिळाला नव्हता.

जिभाऊंनी बसूनच माईक घेतला. "हशी हशीसन मन्हं पोट दुखी ऱ्हायनं," ते म्हणाले, "आज उभं ऱ्हावाई नही. बठीसन बोलस." कुणालाही त्यात काही वाटलं नाही. त्यांच्या डोक्यावरही एकवीसचीच टोपी होती, ताठ, कपाळाला धरून, खाली कानांवरून मफलर. पण सगळे माझ्या टोपीकडे बघत होते.

ठराव आला नाही. ज्या बारीक डोक्याविरुद्ध तो आणायचा, ते डोकं माझं निघाल्यावर सही कोण करणार? त्यात चेष्टा त्यांचीच झाली असती.

मी घरी आलो तेव्हा तीजाबाईला सगळं कळलं होतं. गावभर हसलेली बातमी. मी टोपी काढून खुंटीला लावली. ती म्हणाली, "आता जेवा." ताट वाढल्यावर, माझ्याकडे न बघता, शिलाई मशीनच्या खणातून फीत काढून तिने माझ्यासमोर ठेवली. जिभाऊंच्या घरी काय झालं ते मी तिला सांगितलं नव्हतं. पण ती फुलवंताबाईंकडे पापड लाटायला जाते.

होळीला सातपुड्यात ढोल वाजत होते तेव्हा जिभाऊंना केस आले. पूर्वीचे सरळ होते, हे कुरळे आले. एप्रिलच्या बैठकीत त्यांनी उभं राहून, टोपी काढून, अख्ख्या समितीला सगळी हकिकत सांगितली. दवाखाना, औषध, टोपी. "शेठनी मन्ही लाज राखी," असंही म्हणाले. म्हणूनच मी हे लिहू शकतो. नाहीतर माझ्या तोंडून आता काही निघत नाही.

बैठकीनंतर चुनीलाल माझ्याकडे आला. मला वाटलं माफी मागायला आला. तो म्हणाला, "जिभाऊनं मन कितलं मोठं शे, देखा. तुमले झाकाकरता सोताले बेमार करी लिधं."

"चुनीलाल, ते खरंच आजारी होते."

"हो, हो," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "बठा, सभापती."

गावाने तेच धरलं आहे. मला आता सगळे सभापतीच म्हणतात. चिंचपाड्याहून आलेल्या व्याह्यांनीही स्टँडवर "हस्तीमल शेठचं दुकान कुठे?" विचारलं, तर रिक्षावाल्याने "सभापतीचं का?" म्हणून आणून सोडलं, आणि व्याही तेव्हापासून माझ्याशी जरा अदबीने बोलतात. तेवढा एकच फायदा. जिभाऊंनी उरलेल्या एकवीसच्या टोप्या परत पाठवल्या. आमच्या दुकानात पाटी आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पण त्या डोक्याचं दुसरं गिऱ्हाईक गावात नाही, हे मी स्वतःच सिद्ध केलं होतं. घेतल्या.

गेल्या आठवड्यात दुपारी, रिषभ जेवायला गेलेला असताना, जिभाऊ आले. तब्येत छान, डोक्यावर पुन्हा तेवीसची टोपी. गादीवर टेकले.

"हस्तीमल, एक टोपी काढ."

"तेवीसनी?"

त्यांनी नंबर सांगितला. तेवीस नव्हता. एकवीसही नव्हता. मी खोका काढला, टोपी काढली, पिशवीकडे हात नेला आणि मागे घेतला. कागदात बांधली. कोणाकरता, ते विचारलं नाही. जिभाऊ जाताना दारात थांबले, माझ्याकडे बघून नुसते हसले आणि गेले.

लगेच समोरून चुनीलाल कात्री हातात घेऊन रस्ता ओलांडून आला.

"शेठ, जिभाऊ येल होतात ना? कितला नंबरनी लिधी?"

"एकवीस," मी म्हणालो.

चुनीलाल मनापासून हसला, मला सभापती म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे परत गेला. मी उठलो, फीत घेतली आणि गळ्यात घालून पुन्हा कोपऱ्यात बसलो.